मशीनखालची बोलणी

"त्यात काय हाय, साहेब? अर्ध्या तासाचं काम. उद्या सकाळी येतो, करतो आन् मोकळा होतो."

असं कमळाकर शनिवारी संध्याकाळी मॅनेजर दळवींना म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच जरा दचकला. कारण काम नेमकं काय आहे, हे त्याला अजून कळलेलं नव्हतं.

कर्जत-चौक रस्त्याला एक रिसॉर्ट आहे, तिथं कमळाकर स्टोअर सांभाळायचा. चादरी, साबणाच्या वड्या, बल्ब, नळाच्या तोट्या हे सगळं त्याच्या ताब्यात. मालकाने गेल्या वर्षी तिथल्या हिरवळीसाठी बसून चालवायचं गवत कापायचं मशीन आणलं होतं. दिसायला बुटका ट्रॅक्टर. वर सीट, पुढे स्टेअरिंग आणि पोटाखाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे, एक रुंद पत्र्याचं ताट उपडं टांगलेलं. ताटाच्या आत पाती फिरतात. त्या ताटाला डेक म्हणतात. सीटच्या उजव्या अंगाला एक दांडा असतो. तो मागे ओढून वरच्या खाचेत अडकवला की डेक उचलला जातो आणि गवत उंच राहतं. पुढे सोडला की डेक खाली येतो आणि गवत बारीक निघतं.

शनिवारी तो दांडा खाचेत राहीनासा झाला. मशीन चालवणारा नवनाथ तळ्याच्या बाजूने निघाला आणि डेक धाडकन खाली बसला. त्याच्या ध्यानात येईपर्यंत हिरवळीत एक लांबलचक तपकिरी पट्टा उमटला होता. एखाद्या न्हाव्याने गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता टाळूवरून वस्तरा फिरवावा, तसा.

आणि रविवारी संध्याकाळी त्याच हिरवळीवर कुणा मोठ्या माणसाच्या मुलीचा साखरपुडा होता. पाऊस नुकताच सरलेला, गवत घोट्याच्या वर गेलेलं. पनवेलचा मेकॅनिक सोमवारशिवाय यायला तयार नव्हता. दळवींचं तोंड पाहवत नव्हतं.

"कमळाकर, तुम्ही एसटीच्या वर्कशॉपमध्ये होतात ना?" त्यांनी विचारलं.

होता. पण खिडकीत होता. मेकॅनिक येऊन मागतील तो सुटा भाग फळीवरून काढून द्यायचा, हे त्याचं काम. नोकरीभर त्याने ढिगाने नट-बोल्ट हाताळले, पण पिळला एकही नव्हता. ही गोष्ट त्याने लपवली होती असं नाही. कुणी विचारलीच नव्हती. 'वर्कशॉपमध्ये होतो' म्हटलं की लोक पुढचं आपलं आपण धरून चालायचे आणि कमळाकर त्यांना अडवायचा नाही.

आता तर अडवायची सोयही उरली नव्हती. रविवारी दुपारी त्याच्या भाग्यश्रीच्या लग्नाची बोलणी करायला खालापूरहून पाहुणे येणार होते. मध्यस्थाने तिकडे सांगून ठेवलं होतं की मुलीचा बाप रिसॉर्टवर हेड मेकॅनिक आहे. इकडे कमळाकरला सांगितलं होतं की मुलगा सरकारी कचेरीत परमनंट आहे. परमनंट या शब्दावर कमळाकरचा फार जीव. त्याच्यापायी त्याने आधीची दोन स्थळं चहा निवायच्या आत परत पाठवली होती. भाग्यश्री कर्जतला दवाखान्यात नर्स होती. तिने आणि त्या मुलाने, रुपेशने, एकदोनदा बाहेर भेटून चहा घेतला होता आणि ती घरी आल्यावर उगाचच भांडी घासत गुणगुणायची. त्यामुळे या वेळी चहा निवेपर्यंत तरी थांबायचं, असं घरात ठरलं होतं.

पोशीरला घरी आल्यावर पुतळाबाईने नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं.

"उंद्या पाव्हणं यायचेत आन् तुमी मशीन उघडून बसणार?"

"उघडायचं काय त्यात? पिन निघाली असंल. आपण उभी नोकरी पिना वाटल्या."

"वाटल्या," पुतळाबाई म्हणाली. "बसवल्या नायत."

कमळाकरने तिकडे कान दिला नाही.

रविवारी सकाळी तो रिसॉर्टवर पोचला तेव्हा नवनाथ मशीन घेऊन तयारच होता. पत्र्याच्या शेडसमोर, गवताच्या कडेला ते उभं केलेलं. कमळाकरने त्याच्याभोवती एक फेरी मारली. चाकाला हलकी लाथ मारली. वर्कशॉपमधले मेकॅनिक कामाला हात घालण्याआधी असंच करायचे, ते त्याने खिडकीतून पाहिलेलं होतं.

"नवनाथ, तू असं कर, कर्जतला जा. चांगली पिन आन. आन् घाई करू नको, चार दुकानं बघ."

"कंच्या मापाची?"

"माप बघून आन," कमळाकर म्हणाला. नवनाथने त्याच्याकडे जरा पाहिलं आणि तो मोटारसायकल काढून गेला. खरं तर कमळाकरला पिनेपेक्षा एकांत हवा होता. आपण मशीनकडे बघत विचार करतोय, हे कुणी बघत असलं की त्याला विचार करता यायचा नाही.

त्याआधी त्याने दळवींनाही बजावून ठेवलं होतं, की काम चालू असताना मशीनला कुणी हात लावायचा नाही.

मग त्याने दांडा पार मागे ओढून वरच्या खाचेत कसाबसा टेकवला, डेक वर उचलून ठेवला आणि डाव्या हातात टॉर्च घेऊन बाजूने मशीनखाली सरकला. किल्ली मात्र वरच राहिली, जिथे होती तिथेच, लावलेली.

आतलं जग त्याला वाटलं होतं त्यापेक्षा गर्दीचं होतं. सळया, स्प्रिंगा, लोखंडी पट्ट्या, आणि डेकच्या पाठीवर दोन चाकांना गुंडाळलेला काळा रबरी पट्टा. इंजिन चालू झालं आणि पाती जोडली की तो पट्टा गरागरा फिरतो, एवढं त्याला ठाऊक होतं. दांड्यापासून निघालेली एक सळई डेकला जाऊन मिळत होती, आणि तिथे, शेवटच्या भोकात, एक वाकडी, गंजलेली पिन होती.

"सापडली की," कमळाकर स्वतःशी म्हणाला. त्याला एवढा आनंद झाला की त्याने उजवा हात त्या पट्ट्यांच्या मधून आत घातला आणि पिन ओढली.

पिन निघाली. मग पिनेने धरून ठेवलेलं सगळं निघालं. वर दांडा खाचेतून सुटून खाडकन पुढे पडला, डेक एका अंगाने खाली बसला, स्प्रिंगने एक लोखंडी पट्टी फरकन फिरवली, आणि ती येऊन बसली ती नेमकी कमळाकरच्या मनगटावर.

क्षणभर त्याने डोळे उघडलेच नाहीत. मग एकेक बोट हलवून पाहिलं. पाचही हलत होती. रक्त नव्हतं. मनगटावर स्टीलच्या जाड पट्ट्याचं घड्याळ होतं, त्याने मार खाल्ला होता. पण ते घड्याळ आता पट्टी आणि चॅसी, म्हणजे मशीनचा सांगाडा, यांच्या मधे पाचरीसारखं बसलं होतं, आणि कमळाकर त्या घड्याळात होता. हात पुढे जाईना, मागे येईना. घड्याळाची कडी मनगटाच्या खालच्या बाजूला होती आणि तिच्यापर्यंत डावा हात पोचत नव्हता.

काय केलं पाहिजे, ते त्याला लगेच कळलं. मशीनवर चढून कुणीतरी तो दांडा मागे ओढला की पट्टी उचलेल आणि हात सुटेल. पोराटोरालाही जमेल असं काम. फक्त त्यासाठी कुणालातरी हाक मारायला हवी होती, आणि हाक मारून 'हात अडकलाय' असं म्हणायला हवं होतं.

कमळाकरने ठरवलं, जरा दम घेऊ. सुटेल आपोआप.

त्याने हात पिळून पाहिला. टॉर्चच्या बुडाने पट्टीला ठोकून पाहिलं. प्रत्येक ठोक्यागणिक पट्टी जास्तच खाली बसतेय असं वाटलं म्हणून ठोकणं थांबवलं. कंबरेपासून खालचा कमळाकर बाहेर उन्हात होता, वरचा आत अंधारात. थोड्या वेळाने बाहेरच्या कमळाकरच्या पायजम्यात लाल मुंग्या शिरल्या.

तेवढ्यात पावलं वाजली.

"चालू आहे ना?" दळवींचा आवाज.

"चालू हाय, साहेब." मग कमळाकरने मनाचा हिय्या केला. "साहेब, जरा तो वरचा दांडा..."

"छे छे, मी हात लावणार नाही. तुम्ही सांगितलंय ना, कुणी लावायचा नाही." दळवींचा फोन वाजला आणि त्यांनी तो तिथेच, कमळाकरच्या पायांशी उभं राहून घेतला. "हो साहेब, लॉन एकदम कार्पेटसारखं मिळेल. आमचा हेड मेकॅनिक स्वतः मशीनखाली आहे. सकाळपासून बाहेर आलेला नाही. असा माणूस मिळत नाही हल्ली." बोलत बोलत ते लांब गेले.

एवढं ऐकल्यावर कसं ओरडणार? कमळाकर एका टाचेने दुसऱ्या पायावरच्या मुंग्या चिरडत राहिला.

मग खिशातला फोन वाजायला लागला. उजव्या खिशातला. उजवा हात नव्हता आणि डावा तिथवर वळत नव्हता. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. प्रत्येक वाजण्यात पुतळाबाईचा आवाज चढत गेल्यासारखा त्याला वाटला. पाहुण्यांची वेळ होत आली असणार. बोटांना मुंग्या यायला लागल्या होत्या, त्या मात्र लाल नव्हत्या. करंगळी आपली आहे की नाही, तेही आता नीट कळत नव्हतं. गेली लाज खड्ड्यात, असं मनाशी म्हणून त्याने ओरडायला छाती भरून श्वास घेतला.

आणि त्याच वेळी फाटकातून एक गाडी आत आली. दारं उघडली, मिटली. चपला वाजल्या.

"जय भीम," एक जड, संथ आवाज म्हणाला. "कमळाकर पाव्हणं इथंच असत्यात ना? आमी खालापूरचे. भिवाजी. हा रुपेश, आन् ही आमची मंडळी. म्हटलं रस्त्यातच हाय, पाव्हण्यांना घेऊनच पोशीरला जाऊ."

कमळाकरने भरलेला श्वास हळूहळू सोडून दिला.

"जय भीम, जय भीम," तो खालून म्हणाला. "या की. बसा." आणि बसायला बाक कुठे आहे, ते त्याने पायाने दाखवलं. मग होणाऱ्या व्याह्याला आपण पाय दाखवला हे ध्यानात येऊन पाय आवरून घेतला.

"उठू नका, उठू नका," भिवाजी म्हणाले. "काम चालू द्या. काम अर्धं टाकून उठणारा मानूस आपल्याला नाय आवडत."

"मी बी... नाय उठत," कमळाकर म्हणाला.

त्यांच्या बायकोला, विमलबाईंना, हे फारसं पसंत पडलं नसावं. "तोंड तरी बघाया मिळंल का?" त्या म्हणाल्या. "सोयरीक करायची तर मानसाचं तोंड बघावं लागतं."

"हात लई काळे झालेत, ताई."

"हाताचं कोन म्हणतंय? तोंड म्हणते मी."

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर वाजली, आणि स्कूटरच्या वाजण्यावरूनच कमळाकरने ओळखलं की लेक आली, आणि रागात आली.

"बाबा, आई फोन करून करून थकली. घरी सगळी..." भाग्यश्रीला पाहुणे दिसले. तिने ओढणी सारखी केली, सगळ्यांना जय भीम केला आणि आवाज उतरवून, दातओठ आवळून विचारलं, "फोन का नाय उचलला?"

"हात गुंतलाय गं," कमळाकर म्हणाला. सकाळपासून तो बोललेल्या सगळ्या वाक्यांत हे एकच संपूर्ण खरं होतं. "भागी, जरा इकडं ये. जवळ ये. वाक जरा."

पण भागीच्या आधी भिवाजी बोलले. "रुपेश, उभा काय राहिलास? सासरा एवढा मेकॅनिक हाय, शिकून घे काय ते. बस वर, बघ त्यांना काय पायजे."

सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. रुपेश वर बसला. त्याच्या वजनाने चॅसी किंचित खचली आणि मनगटावरची पट्टी तेवढीच घट्ट झाली. कमळाकरने ओठ चावला.

मग त्याला किल्ली आठवली. किल्ली वर. त्या माणसाच्या गुडघ्यासमोर. आणि इथे काळा रबरी पट्टा, त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर.

ओरडावंसं वाटलं. पण ओरडलं आणि पोरगं दचकलं तर त्याचा हात नेमका कुठे पडेल, सांगता येत नव्हतं. म्हणून कमळाकर अगदी हळू, निजलेल्या बाळाशेजारी बोलावं तसा बोलला.

"रुपेशराव. कशाला हात लावू नका. नुस्तं मी सांगतो ते करा."

"हो, काका."

"उजव्या हाताला दांडा हाय?"

"दोन आहेत."

"काळ्या मुठीचा."

"दोन्ही काळेच आहेत, काका."

एक डेकचा. दुसरा पाती जोडायचा. कमळाकरने डोळे मिटून घेतले. नवनाथ कुठला ओढायचा, ते त्याने हजारदा पाहिलं होतं आणि एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

वर रुपेश घामाघूम झाला होता. आईवडील बघताहेत, भाग्यश्री बघतेय आणि खालून सासरा अशा आवाजात परीक्षा घेतोय, ज्या आवाजात त्याने आजवर कुणाला बोलताना ऐकलं नव्हतं. तोल सावरायला त्याने पाय टेकला, तो नेमका पेडलवर. पेडल खाली गेलं. खाली, कमळाकरच्या डोळ्यांसमोरून, एक सळई सरकन पुढे गेली आणि त्याच्या कोपराला लागून थांबली. इंजिन चालू करताना नवनाथ हेच पेडल दाबतो, हे मात्र कमळाकरला पक्कं आठवलं.

"रुपेशराव," तो म्हणाला, "तुमी दाबून ठेवलंय, ते सोडा."

पेडल हललं नाही.

"ऐकताय ना? मला इथून सगळं दिसतंय. तुमी दाबून ठेवलंय. सोडून द्या. उगाच कुनाचं तरी नुसकान व्हायचं."

रुपेशचा चेहरा पांढरा पडला. त्याने वडिलांकडे पाहिलं. वडील आभाळाकडे बघायला लागले.

"काका," तो म्हणाला, "मी सांगणारच होतो."

"सांगायचं नाय, सोडायचं. सावकाश."

"मी परमनंट नाही, काका. कंत्राटावर आहे. दर वर्षी पुन्हा घेतात. घेतात म्हणजे आत्तापर्यंत घेतलंय. मध्यस्थ म्हणाले, असं सांगितलं तर तुम्ही दारातूनच परत पाठवाल, म्हणून..."

मशीनखाली कमळाकर आपला हात विसरला. पार विसरला. "काय?" तो म्हणाला.

"रुपेश," भिवाजी म्हणाले. विमलबाई, इतका वेळ बाकावर बसायला तयार नव्हत्या, त्या मुकाट्याने जाऊन बसल्या.

भाग्यश्री मशीनच्या जवळ आली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि कमळाकरला अनुभवाने माहीत होतं की ते चढण्यापेक्षा वाईट.

"परवा चहा पिताना मी विचारलं होतं. तू काय म्हणालास?"

"म्हणालो, सगळं नीट आहे."

"आणि मी त्यावर काय म्हणाले?"

"म्हणालीस, मग बरं."

"उतर खाली."

"भाग्यश्री, ऐक ना..."

"उतर. आणि ती किल्ली दे इकडे. बाबा खाली आहेत, कळत नाही तुला?"

रुपेशने किल्ली काढायला हात घातला. पाय अजून पेडलवरच होता, आणि त्याने किल्ली फिरवली ती उलट्या बाजूला.

इंजिन घर्रर्र करून हललं. सगळं मशीन एकदा शहारलं. कमळाकरच्या बोटांसमोर, वर कुठेतरी, काहीतरी फिरलं आणि काळा पट्टा थरथरला.

"बंद करा! हात अडकलाय माझा! हात अडकलाय!"

भाग्यश्रीने रुपेशच्या हातावर हात मारून किल्ली मागे फिरवली आणि उपटून घेतली. घरघर थांबली. तळ्यावरचा एक बगळा तेवढा उडून गेला.

मग भाग्यश्री गुडघ्यावर बसली आणि खाली वाकून तिने आत पाहिलं. आत तिला घामाने आणि ग्रीसने माखलेला आपला बाप दिसला.

"अडकलाय?"

"हां."

"केव्हापासून?"

"मघापासून."

"मघा म्हणजे?"

"नवनाथ गेला तवापासून."

"नवनाथकाका मला सकाळी दवाखान्यात जाताना दिसले होते. आत्ता माझी ड्यूटी संपून मी घरी जाऊन आले." मग तिच्यातली नर्स पुढे आली. "बोटं हलवा. सगळी. करंगळी? दुखतंय का नुसतं बधिर झालंय?"

"बधिर. भागी, तो दांडा मागं ओढायचा. जो पुढं पडलाय, तो."

"पुढं पडलेला एकच आहे," ती म्हणाली. मघापासून इतकं सोपं होतं.

रुपेश कधीच उतरून बाजूला झाला होता. भाग्यश्रीने पायरीवर एक पाय दिला, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि सगळ्या अंगाने मागे रेलली. खाली लोखंड कुरकुरलं, पट्टी बोटभर उचलली आणि घड्याळासकट हात सुटला. पण इतका वेळ पडून कमळाकरचं अंग आखडलं होतं, त्याला सरकता येईना. तेव्हा भिवाजी पुढे झाले, त्यांनी त्याचे दोन्ही घोटे धरले आणि होणाऱ्या व्याह्याला भाताच्या पोत्यासारखं ओढून उन्हात आणलं.

दोघांची तोंडं अशी पहिल्यांदा समोरासमोर आली.

"बघा," भिवाजी बायकोला म्हणाले, "हे तोंड."

कमळाकर गवतात बसला. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा जांभळा वळ उठला होता आणि बोटांत हळूहळू रक्त येत होतं, त्याच्या कळा डोक्यापर्यंत जात होत्या. समोर मुलगा मान खाली घालून उभा. मुलाची आई बाकावर पदर तोंडाला लावून. नाही म्हणायला हीच वेळ होती. परमनंट नाही म्हणून दोघांना परत पाठवलं, तसं यांनाही पाठवता आलं असतं. कमळाकरने तोंड उघडलं. मग हाताकडे पाहिलं.

"मी मेकॅनिक नाय," तो म्हणाला. "स्टोअर बघतो इथलं. साबण, चादरी. एसटीत पन तेच. पिना द्यायचो."

भिवाजींनी त्याच्याकडे, मशीनकडे आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "बसवायचे नाय?"

"नाय."

"कधीच?"

"आज सकाळी एक काढली. तेवढीच."

भिवाजींच्या मिशीखाली काहीतरी हललं. "म्हंजी आपलं फिट्टंफाट झालं म्हणा की, पाव्हणं."

"तुमचं झालं," विमलबाई बाकावरून म्हणाल्या. "पोरीला इचारा आधी."

सगळे भाग्यश्रीकडे वळले. ती अजून मशीनच्या पायरीवर, दांडा दोन्ही हातांनी मागे धरून उभी होती. खाचेत तो राहत नव्हताच.

"माझी तरी कुठं परमनंट आहे?" ती म्हणाली. "दवाखाना कधीही ये म्हणतो, कधीही नको म्हणतो. नोकरीचं मला काही नाही. पण मला लोकांसमोर, मशीनवर बसवल्यावर कळावं? चहा पिताना नाही?"

"चुकलं," रुपेश म्हणाला. "परत नाही होणार."

"बघू," ती म्हणाली. बघू म्हणजे नाही नव्हे, हे कमळाकरला कळलं, आणि विमलबाईंनाही कळलं असावं, कारण त्यांनी पदर तोंडावरून काढला.

एवढ्यात घरघर ऐकून दळवी धावत आले. काय झालं ते कळल्यावर ते आधी हिरवळीकडे बघून हळहळले, मग हाताकडे बघून. पण माणूस वाईट नव्हता. नवनाथ परत आला की खांद्याला अडकवायच्या छोट्या मशीनने पुढचा भाग कापून घेऊ, टक्कल पडलंय तिथे स्टेज ठोकू, असं त्यांनी ठरवलं. "आणि कमळाकर, तुम्ही उद्यापासून स्टोअरच्या बाहेर यायचं नाही," ते म्हणाले. संध्याकाळी तसंच झालं आणि साखरपुडाही नीट पार पडला.

पण ते संध्याकाळी. तेव्हा तिथे, उन्हात, सगळ्यांचे चेहरे सैल पडत होते. भिवाजी कमळाकरचं मनगट हातात घेऊन बघत होते. आणि रुपेशला फार वाटत होतं की आता आपण काहीतरी उपयोगाचं करावं. तो मशीनशेजारी उकिडवा बसला आणि आत डोकावला.

"काका, नेमका कुठे अडकला होता? या पट्टीत?"

"हां, तिथंच," कमळाकर भिवाजींशी बोलता बोलता म्हणाला.

"म्हणजे हात असा होता?"

"अहो मॅडम, सोडा आता तो दांडा, उतरा," दळवी म्हणाले. "हात दुखतील तुमचे."

भाग्यश्रीने दांडा सोडला.

खाडकन आवाज झाला. मग मशीनच्या बाजूने अगदी बारीक हाक आली, "भाग्यश्री."

ती पायरीवरूनच वाकली. रुपेशच्या नव्याकोऱ्या शर्टाची बाही, इस्त्रीच्या घडीसकट, पट्टीखाली गेली होती आणि तो कान डेकला लावून बसल्यासारखा दिसत होता.

"हात आहे का बाही?"

"बाही."

"दुखतंय?"

"नाही."

"नक्की? का सगळं नीट आहे?"

"खरंच नाही दुखत."

भाग्यश्रीने दांड्यावर पुन्हा हात ठेवला. ओढला मात्र नाही. त्याच्यावर कोपर टेकून ती निवांत उभी राहिली.

"मग सांग," ती म्हणाली. "अजून काय सांगायचं राहिलंय?"

भिवाजी पुन्हा आभाळाकडे बघायला लागले. विमलबाईंचा हात पदराकडे गेला. नाय म्हण रं बाबा, पटकन नाय म्हण, असं कमळाकर मनातल्या मनात घोकत राहिला.

रुपेश मात्र आठवत होता.